चढाला लोड आला की क्लच सरकतो – ट्रॅक्टर लगेच खोलायचा का?

बांधावरून:
नमस्कार मंडळी. घरचा ट्रॅक्टर जुना आहे, ३५ एचपीचा, तीन सिलिंडरचा. क्लच साधा, एकाच प्लेटचा. भरलेली ट्रॉली घेऊन चढ लागला की इंजिन जोरात फिरत राहतं आणि ट्रॅक्टर मात्र जागेवरच रेंगाळतो. सपाटीला किंवा रिकाम्या ट्रॉलीला काही त्रास नाही. नांगराला खालच्या गिअरमध्ये ओढतो, पण जमीन कडक लागली की पुन्हा तेच. थोडा वेळ असं चाललं की पायाखालून करपट वास येतो. मिस्त्री म्हणतात प्लेट संपली, ट्रॅक्टर मधून तोडावा लागेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे करावे लागतील. काम मोठं आहे म्हणून विचारतो, न खोलता बाहेरून काही तपासता येतं का?

पानापक्कड:
येतं, आणि खोलण्याआधी ते तपासलंच पाहिजे. प्लेट जळणं हा बहुतेक वेळा शेवटचा परिणाम असतो. कारण दुसरीकडेच असतं. ते तसंच ठेवून नवी प्लेट घातली तर तीही त्याच वाटेने जाते.

आधी क्लचच सरकतोय का ते नक्की करा. लोडवर इंजिनाचा आवाज दबला आणि काळा धूर आला तर इंजिन कमी पडतंय, क्लचचा दोष नाही. चाकं फिरतात पण ट्रॅक्टर पुढे जात नाही, तर टायरची पकड सुटतेय. इंजिन मोकळं फिरतंय, धूर नाही आणि चाकंही फिरत नाहीत, तेव्हाच क्लच. तुमचं वर्णन तसंच आहे, तरी एक चाचणी घ्या. मोकळ्या सपाट जागेवर, पुढेमागे कुणी नसताना, दोन्ही ब्रेक एकत्र जोडून पक्के दाबा. सगळ्यात वरचा गिअर टाका, रेस थोडीच ठेवा आणि क्लच हळू सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच धरतोय. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन फिरत राहिलं तर सरकतोय. निकाल दोन-तीन सेकंदांत लागतो, मग लगेच क्लच दाबून न्यूट्रल करा. ही चाचणी पुन्हा पुन्हा घेऊ नका, दर वेळी प्लेट तापते.

मग पेडलचं फ्री प्ले बघा. इंजिन बंद ठेवा आणि पेडल पायाने नाही, हाताने दाबा. सुरुवातीला हलकं जातं आणि एका जागी जड लागतं. त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले. बऱ्याच ट्रॅक्टरना ते साधारण २० ते ३० मिमी लागतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असेल, तोच धरा.

शिवारफेरी:
पानापक्कडदादा, प्लेट झिजली तर पेडल ढिलं व्हायला पाहिजे ना? ब्रेकचं तसंच होतं. मग क्लचचं फ्री प्ले कमी का होतं?

पानापक्कड:
चांगला प्रश्न विचारलात. क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (स्प्रिंगने दाबणारी चकती) यांच्यामध्ये दाबलेली असते. ती जितकी पातळ होईल तितकी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. फिंगर, म्हणजे प्रेशर प्लेट मागे ओढणारे छोटे दांडे, मधल्या पिनवर टेकलेले असतात, त्यामुळे त्यांचं बाहेरचं टोक पुढे गेलं की आतलं टोक मागे, क्लच बेअरिंगच्या (पेडल दाबलं की फिंगरना ढकलतं ते) दिशेने येतं. बेअरिंग आणि फिंगर यांच्यातली फट अशी कमी होत जाते आणि पेडलचा खेळ संपतो. पुढे बेअरिंग कायमच फिंगरवर टेकून राहतं, म्हणजे क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. स्प्रिंगचा सगळा जोर प्लेटवर पडत नाही, ती सरकते, तापते, आणखी झिजते, आणि उरलेली फटही जाते. वेळेवर पेडलच्या रॉडची अॅडजस्टमेंट केली असती तर चांगले चालले असते असे कितीतरी क्लच केवळ यामुळे जळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अॅडजस्टमेंटला दोन पाने (स्पॅनर) लागतात आणि पुरा ट्रॅक्टर तोडावा लागत नाही.

पेडलवर सतत पाय ठेवून चालवणाऱ्यांचंही हेच होतं. खेळ बरोबर असला तरी पायाच्या वजनाने तो खाल्ला जातो.

जुनं_इंजिन:
यात एक भर. खेळ मोजण्याआधी पेडलची परत ओढणारी स्प्रिंग बघा. ती तुटलेली असेल किंवा पेडलची बुश कोरडी पडून अडकत असेल, तर पेडल पूर्ण वर येतच नाही. जुन्या ट्रॅक्टरवर पेडलच्या शाफ्टवर माती बसून घट्ट झालेली असते. ग्रीस मारा, हलवून मोकळं करा, मग मोजा.

बांधावरून:
चाचणी घेतली. पेडल सोडल्यावर इंजिन बंद पडलं नाही, फिरत राहिलं. म्हणजे क्लचच. फ्री प्ले मात्र २५ मिमीच्या आसपास भरला, पेडलही पूर्ण वर येतं. आता काय बघू?

पानापक्कड:
मग तेल. क्लच हाऊजिंगच्या तळाला, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या भागाखाली, एक बारीक भोक असतं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये त्यात स्प्लिट पिन लोंबत सोडलेली असते. पिन हलत राहावी आणि भोक बुजू नये म्हणून ती असते. आत गळलेलं तेल तिथून बाहेर पडायला पाहिजे. वर्षानुवर्षं चिखल बसून ते बंद होतं, मग तेल आतच साठतं आणि फ्लायव्हील ते प्लेटवर उडवतं. भोक साफ करा, खाली स्वच्छ पत्रा किंवा पुठ्ठा ठेवा आणि काय टपकतं ते सांगा.

बांधावरून:
भोक शोधायलाच वेळ लागला. तिथे मातीचा गोळा दगडासारखा बसला होता. खिळ्याने उकरला तेव्हा पिन दिसली, गंजून एका जागी चिकटली होती. पकडीने ओढून काढली तशी एक जाड धार पडली, मग थेंब थेंब. सकाळी पुठ्ठ्यावर ताटलीएवढा काळा डाग होता.

पानापक्कड:
तो थेंब दोन बोटांत चोळून बघा आणि वास घ्या. काळं, पातळ आणि जळक्या वासाचं असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या सीलकडून येतंय. घट्ट, पिवळसर-तपकिरी आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील गेलं. काही ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला एकच पातळ तेल असतं, त्याला तो उग्र वास नसतो. शंका वाटली तर दोन्ही डिपस्टिकचं तेल पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी टाकून ताडून बघा.

बांधावरून:
काळं, पातळ. इंजिनाच्या डिपस्टिकशी हुबेहूब जुळतं.

नांगरधारी:
भाऊ, एवढ्यासाठी ट्रॅक्टर तोडू नका. त्याच भोकातून किंवा वरच्या झाकणातून पेट्रोल मारा, क्लच दाबून-सोडून इंजिन फिरवा, तेल धुऊन जातं. आमच्या भागात असंच करतात, वरून थोडी बारीक पावडर टाकली की पकड येते.

जुनं_इंजिन:
नांगरधारी, हे कृपा करून कुणाला सांगू नका. स्टार्टरचा पिनियन त्याच हाऊजिंगमध्ये उघडतो. आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असताना स्टार्टर मारला आणि ठिणगी पडली तर आग लागते, आणि माणूस नेमका सीटवर बसलेला असतो. पावडरचं म्हणाल तर ती बेअरिंगमध्ये जाते, फ्लायव्हीलवर ओरखडे पाडते. आणि मूळ गळती तशीच राहते, चार दिवसांत प्लेट पुन्हा तेलकट.

पानापक्कड:
पूर्ण सहमत. शिवाय क्लच बेअरिंग आणि पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मधलं) आतून ग्रीस भरलेली असतात. पेट्रोल-डिझेलने ती धुतली की आतलं ग्रीस जातं आणि काही दिवसांत बेअरिंग ओरडायला लागतं. खोललेल्या ट्रॅक्टरचीही ही बेअरिंग डिझेलमध्ये बुडवू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

बांधावरून, तुम्हाला आता खोलावाच लागेल. पण प्लेट संपली म्हणून नाही, सील बदलायला. मिस्त्रींनाही हे आधीच सांगा, म्हणजे सील आणि गॅस्केट आणूनच काम सुरू होईल.

शिवारफेरी:
ट्रॅक्टर तोडताना काय जपायचं तेही सविस्तर लिहा ना. आमच्याकडेही हे काम येणार आहे.

पानापक्कड:
लिहितो. यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी. पुढचा अॅक्सल मधल्या एकाच पिनवर झुलतो. ट्रॅक्टर जोडलेला असताना मागची चाकं तोल धरतात. मधून तोडला की पुढचा भाग, म्हणजे अख्खं इंजिन, त्या पिनवर डावीकडे किंवा उजवीकडे कलंडू शकतं. म्हणून एकही बोल्ट सोडण्याआधी अॅक्सल आणि त्याच्या वरच्या सपोर्टच्या मधे दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी ठोकून घट्ट बसवा. बंपरला पुढची वजनं असतील तर ती आधी उतरवा, नाहीतर इंजिन पुढे तोंडावर झुकतं. ही दोन कामं न करता तोडलेले ट्रॅक्टर माणसांवर पडलेले आहेत, म्हणून हात जोडून सांगतो, यात घाई नको.

जागा सपाट आणि टणक हवी, सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. जो भाग जागेवर ठेवायचा त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवणीचे ठोकळे) लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. मग बॉनेट, वायरिंग, डिझेलचे पाइप, रेसचा रॉड, मीटरची केबल, स्टिअरिंगचा रॉड, हायड्रॉलिकचे पाइप. प्रत्येक वायरला आणि पाइपला कापडाची चिंधी बांधून खूण करा, मोबाइलवर फोटोही काढा. हायड्रॉलिक सोडण्याआधी लिफ्ट खाली करा.

आधार दोन ठिकाणी, इंजिनाच्या चेंबरखाली (तळाच्या तेलाच्या टाकीखाली) आणि गिअरबॉक्सखाली. चेंबर पत्र्याचा असेल तर भार थेट त्यावर देऊ नका, बाजूच्या मजबूत भागावर द्या. जॅक फक्त उचलायला. उचललं की लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावायचे, आणि नुसत्या जॅकवर टेकलेल्या भागाखाली हात घालायचा नाही. सगळे बोल्ट निघाल्यावर दोन भाग सरळ रेषेत सरकवा. गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत कुठलाही भाग खाली-वर होऊ देऊ नका, नाहीतर सगळं वजन त्या शाफ्टवर येतं.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या क्लचच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

बांधावरून:
काल खोलला. पाचरी, ठोकळे, सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे. प्लेट बाहेर काढली तर जाडी चांगली शिल्लक आहे, पण दोन्ही बाजू आरशासारख्या चकाकतात आणि कडेला तेलाचे ओघळ आहेत. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग आहेत, नखाला ओरखडा लागत नाही. मागचं सील पार टणक झालंय, बोटाने दाबलं तर तुकडा निघाला. मिस्त्री म्हणतात प्लेट थिनरने धुऊन पॉलिश पेपर मारू, अजून चालेल. काय करू?

पानापक्कड:
नवी घाला. लायनिंग वरून दिसते तशी घट्ट नसते, ती तेल पिते. थिनरने वरचा थर निघतो, पेपर मारला की कोरडी वाटते, पण लोडवर तापली की आतलं तेल पुन्हा वर येतं. नुसती चकाकी आली असती आणि तेल नसतं, तर पेपर मारून चालवा म्हणालो असतो. तेल प्यालेल्या प्लेटसाठी पुन्हा ट्रॅक्टर तोडण्याची वेळ यायला नको.

निळे डाग म्हणजे तिथे ताप फार झाला होता. बारीक तडे आहेत का ते भिंगाने किंवा उन्हात तिरकं धरून बघा. तडे खोल नसतील तर लेथवर हलका फेस मारून (तोंड घासून सपाट करून) घ्या. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट खोलगट भागात बसते आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट वरच्या कडेवर. तसं असेल तर आतून जेवढं घासलं तेवढंच वरच्या कडेवरूनही घासायचं. नाहीतर स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि नवा क्लचही सरकतो. लेथवाल्याला हे तोंडाने सांगायला विसरू नका.

प्रेशर प्लेटवर सरळपट्टी आडवी धरून मधे उजेड दिसतो का बघा. स्प्रिंगचा रंग जळून गेलेला असेल तर त्यांचा जोरही गेलेला असतो, तेव्हा पूर्ण सेट बदला.

जुनं_इंजिन:
सीलबद्दल दोन गोष्टी. नवं सील बसवण्याआधी क्रँकवर जिथे सीलची कड घासते तिथे नख फिरवा. चर पडलेली असेल तर नवं सीलही तिथून गळणार. सील थोडं आत किंवा बाहेर बसवून कड कोऱ्या जागेवर आणता येते का ते बघा, नाहीतर वरून पातळ स्लीव्ह मिळते. दुसरं, गळती सीलचीच आहे याची खात्री करा. काही इंजिनात फ्लायव्हीलच्या मागे कॅमशाफ्टच्या टोकाला एक झाकण असतं, तेही पाझरतं. तिथली जागा नीट पुसून ओघळ कुठून सुरू होतो ते शोधा.

आणि ब्रीदर! इंजिनाचा श्वास बाहेर पडतो ती नळी किंवा टोपी चोंदली की आत दाब वाढतो आणि तो तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. सील बदलून महिनाभरात पुन्हा गळलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत, कारण हेच.

बांधावरून:
जुनं_इंजिनदादा, ब्रीदरची टोपी काढली तर आतली जाळी काळ्या चिकट मळीने पूर्ण बुजलेली! डिझेलमध्ये भिजवून साफ केली. क्रँकवर चर आहे पण अगदी हलकी, मिस्त्री सील जरा आत बसवतायत. प्रेशर प्लेट सपाट आहे. क्लच बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखरतंय, ते बदलतोय. पायलट बेअरिंगही घेतलं. जोडणीत काय बघू?

पानापक्कड:
क्रँकचा पुढेमागे खेळही आत्ताच बघून घ्या. फ्लायव्हील पहारीने हलकं पुढेमागे करा. बराच हलत असेल तर थ्रस्ट वॉशर (हा खेळ रोखणाऱ्या चकत्या) झिजलेत. क्लच दाबला की सगळा जोर क्रँकवर पुढच्या दिशेने जातो, म्हणून इंजिन चालू ठेवून क्लच तासन्‌तास दाबून धरणाऱ्यांचे ते लवकर जातात.

प्लेट कुठल्या तोंडाने बसते ते जुनी काढतानाच टिपलेलं हवं. मधल्या बॉसची एक बाजू लांब असते, उलटी बसली तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टना घासते आणि क्लच सुटत नाही. प्लेट मधोमध आणायला जुना शाफ्ट किंवा त्याच मापाचा लाकडी दांडा वापरा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून कसा. तिन्ही फिंगरची उंची एकसारखी हवी, माप पुस्तिकेतलं घ्या. एक जरी वर-खाली राहिला तर ट्रॅक्टर उठताना थरथरतो. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी बोटाने पुसल्यासारखं, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवरच जातं. आणि नव्या लायनिंगला तेलकट हात लावू नका.

शेवटचं पण मोठं. दोन भाग जवळ आणताना शेवटचं बोटभर अंतर उरतं आणि पुढे जात नाही. तेव्हा बोल्ट लावून आवळून ओढायचा मोह होतो. तसं कधीच करू नका. शाफ्टच्या खाचा जुळलेल्या नसतात आणि आवळल्यावर प्लेटचा मधला भाग वाकतो. फ्लायव्हील हाताने थोडं फिरवा, खाचा जुळल्या की भाग आपोआप आत जातो. दोन्ही तोंडं हाताच्या जोराने पूर्ण टेकली की मगच बोल्ट कसा. स्प्लिट पिन साफ करून पुन्हा जागेवर लावा, ती हलली पाहिजे.

बांधावरून:
जोडला. भरलेली ट्रॉली त्याच चढावर वरच्या गिअरने नेली, इंजिन दबतं पण क्लच सरकत नाही. भोकाखालचा पुठ्ठा कोरडा आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

पानापक्कड:
छान झालं. आता काही दिवस जड नांगरट टाळा आणि हाफ क्लचवर ट्रॅक्टर धरू नका, लायनिंगला बसू द्या. नवी प्लेट बसताना थोडी झिजते, त्यामुळे फ्री प्ले लवकर कमी होतो. पहिल्या आठवड्यातच पुन्हा हाताने मोजा.

मळ्यातली:
धागा फार उपयोगी आहे. आमचा ट्रॅक्टर डबल क्लचचा, म्हणजे चाकांना एक आणि अवजार फिरवायला दुसरी प्लेट. ट्रॉली व्यवस्थित ओढतो, पण रोटाव्हेटर जड मातीत गेला की पाती थांबतात आणि इंजिन चालूच राहतं. हीही प्लेटच का?

पानापक्कड:
ताई, आधी रोटाव्हेटरचाच क्लच बघा. पीटीओच्या (ट्रॅक्टरमागून अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवर बऱ्याच रोटाव्हेटरना स्प्रिंगने दाबलेला स्लिप क्लच असतो, दगड लागला की तो सरकावा म्हणूनच असतो. इंजिन बंद करून, किल्ली काढून, त्याच्या सगळ्या चकत्यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढा. गार्ड लावा, रोटाव्हेटर चालवा, पाती थांबली की बंद करा आणि पुन्हा किल्ली काढून रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर सरकणारी जागा तीच, त्या स्प्रिंगचा दाब पुस्तिकेप्रमाणे करून घ्या. रेघ सरळ राहिली तर ट्रॅक्टरच्या आतली पीटीओची प्लेट सरकतेय. डबल क्लचमध्ये तिचे फिंगर आणि त्यांची फट वेगळी असते. काही ट्रॅक्टरना बाजूच्या झाकणातून ती फट फीलर गेजने मोजता आणि नटांनी जुळवता येते, तर तो उपाय आधी करा. आणि तुमच्याही हाऊजिंगखालचं भोक उकरून बघा.

मळ्यातली:
रेघ ओढून बघते आणि इथेच कळवते.